क्लचबाईंची मूठ

तोंडावर मॅडम, पाठ फिरली की क्लचबाई, आणि घरात, साठी उलटून गेली तरी, छकुली. एकाच बाईची ही तीन नावं, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मॅडम म्हणून हाक आली की कोरडं ‘हं, बोला.’ छकुली म्हटलं की वैतागलेलं ‘काय रे दादा!’ क्लचबाई या नावाला त्या ओ देत नसत. पण कानावर पडलं की म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर नेत, अगदी मध्यावर गाडी थांबवायला लावत आणि म्हणत, “आता निघा.”

नाव पडायला कारणही तसंच होतं. बाईंची सगळी नोकरी गाडी शिकवण्याच्या शाळेत गेली. शिकणारा स्टिअरिंगला असा बिलगलेला, जणू ते सोडलं तर वाहूनच जाईल. शेजारी बाई, पाठ ताठ, नजर रस्त्यावर आणि तोंडात एकच शब्द. “क्लच.” पहिल्यांदा हळू, पंगतीत मीठ मागावं तसा. “क्लच.” मग जरा ठासून. तरी नाहीच ऐकलं तर “क्लऽऽऽच!” हा तिसरा रस्त्यापलीकडे दाढी करून घेत बसलेल्या माणसालाही ऐकू जाई आणि बिचाऱ्याचा पाय खुर्चीतल्या खुर्चीत दाबला जाई. शिकणाऱ्याचा हात गिअरवर चाचपडायला लागला की बाईंचा हात अलगद वर येऊन बसे, गिअर सुतासारखा सरळ पडे आणि बाई म्हणत, “बघा, पडला की नाही? तो काय तुमचा वैरी आहे?”

अशी गावातली निम्मी माणसं बाईंनी रस्त्यावर आणली. चांगल्या अर्थानं.

त्यांची स्वतःची गाडी मात्र वेगळी. दोन दारं, दोन सीटा आणि जमिनीशी इतकी सलगी, की आत बसताना माणूस आधी वाकायचा, मग हात सोडायचा आणि शेवटी पडायचा. तिच्या काळात ती शर्यतीची म्हणून मिरवत असणार. रंग एकेकाळी टोमॅटोचा, आता विटेचा. कुणा विद्यार्थ्याच्या घरी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून होती, ती बाईंनी आणली, नळ्या बदलल्या, पत्रे ठोकून घेतले आणि सुट्टीच्या सकाळी बाहेर काढायला लागल्या. गाव संपलं की तळं, तळ्याला वळसा घालून परत. बास, एवढंच. शाळेच्या गाडीत त्यांची जागा कायम दुसऱ्याच्या शेजारी. या एकाच गाडीत त्या स्वतःच्या जागेवर बसत. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाचा पाय बघायचा नाही. तळ्याच्या त्या फेरीत बाईंच्या तोंडून एक अक्षर निघत नसे.

आणि आता तीच गाडी जायची वेळ आली होती.

झालं असं, की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं घर करून बसलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, हात जपा. गाडीच्या गिअरवर होती पोलादाची गोटी, गुळगुळीत, अंड्याएवढी. थंडीत बर्फ, उन्हात निखारा. ती घट्ट धरायची म्हणजे सगळा भार त्या अंगठ्यावर. एका सकाळी दादाला चष्मा आणायला घेऊन निघाल्या असताना पुलाच्या चढावर बाईंचा हात गोटीवरून सटकला. गिअर ना पहिल्यात ना दुसऱ्यात. गाडी मागं घरंगळायला लागली, आणि मागं दुधाची गाडी. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, नुकसान काही झालं नाही. पण दूधवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, “ओ ताई, ही पुढंपण जाते ना?”

बाईंच्या जन्मात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

घरी येताच दादानं विषय काढला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, पण त्याचं बोलणं अजून निवृत्त झालं नव्हतं. खुर्चीत बसून त्यानं पाणी प्यायलं आणि घसा साफ केला.

“मुद्दा पहिला. वय. मुद्दा दुसरा. अंगठा. मुद्दा तिसरा…”

“दुधाची गाडी,” वहिनी मटार सोलता सोलता म्हणाल्या.

“तू मध्ये बोलू नकोस. मुद्दा तिसरा. गिऱ्हाईक घरी चालून आलंय. आपले दातांचे डॉक्टर. कधीचे मागे लागलेत. रविवारी बघायला येऊ का म्हणतात.”

“येऊ देत की. बघायला डोळे लागतात, अंगठा नाही लागत.”

“छकुले, मी तुझ्या भल्याचं सांगतोय.”

“तुझ्या भल्याच्या गोष्टींमध्ये माझी एक तरी वस्तू घरातून जातेच, दादा.”

“मला त्या गाडीतलं काही कळत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि त्या असं म्हणाल्या की दादा आपोआप सावरून बसे, “पण हात सटकला तो त्या गोटीवरून ना? मग गोटी बदला. माझ्या कुकरची मूठ निखळली तेव्हा मी काय स्वयंपाकघर विकायला काढलं होतं?”

दादानं ‘मुद्दा चौथा’ म्हणून बोट वर केलं आणि त्याच बोटानं कान खाजवला.  

शेवटी ठरलं ते असं. रविवारपर्यंत बाईंनी मूठ बदलायची. नव्या मुठीनं त्याच चढावर गाडी थांबवून दादाच्या देखत नीट वर न्यायची. नेली तर विकायचा विषय बंद. नाही नेली तर गाडी डॉक्टरांची.

जुनी गोटी काढायला बाई स्वतःच बसल्या. खाली एक चपटा नट होता, तो पान्यानं सैल झाला. गोटी मात्र हलेना. इतक्या वर्षांचे आटे, एकमेकांत मुरलेले. बाईंनी फडकं गरम पाण्यात पिळून गोटीला गुंडाळलं. दादा किटली धरून उभा.

“उलटं फिरव.”

“माहीत आहे.”

“उलटं म्हणजे डावीकडे.”

“माहीत आहे, दादा.”

“म्हणजे माझ्या डावीकडे नाही, तुझ्या…”

“दादा, तू सुलटा घरात जा.”

तो दारापर्यंत गेला तेवढ्यात गोटीनं एक करकर आवाज केला आणि सुटली. वर नुसता आट्यांचा दांडा राहिला, बोडका, जरासा केविलवाणा. बाईंनी त्यावर फडकं टाकलं. उघडा बघवेना त्यांना.

गोटी घेऊन त्या कातारीकडे गेल्या. लाकडाच्या वखारीमागे त्याचं लेथ. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे गोळे, असलं काहीबाही तो दिवसभर फिरवत असे. केसांत भुसा, भुवयांवर भुसा, शिंकला तर लहानसं वादळ. हा बाईंचा जुना विद्यार्थी. परीक्षेत इतक्या वेळा नापास झालेला, की शेवटी पास झाला तेव्हा परीक्षकानंच सुटकेचा निःश्वास सोडला.

“मॅडम!” त्यानं लेथ बंद केलं. “या की. बसा की. स्टूल आहे की.”

“गाडी चालवतोस ना रे अजून?”

“टेम्पो आहे की. तुम्ही शिकवलेलं कुठं जातंय? अजून गिअर टाकताना कानात वाजतं.”

“काय वाजतं?”

“ते आपलं… तुमचं नाव.” तो चपापला. “म्हणजे तुमचा शब्द. म्हणजे आवाज हो, मॅडम.”

बाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गोटी त्याच्या हातात दिली. अंगठ्याचं सांगितलं, चढाचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. त्यानं गोटी तळव्यावर घोळवली.

“ही आंघोळ केलेल्या माशासारखी आहे की हो. हातात राहील कशी? तुम्हाला हाताजोगी मूठ पाहिजे. तुमच्या हाताचा ठसा घेऊ, तशी घडवू. होईल की.”

त्यानं शेगड्यात, म्हणजे लाकूड आवळून धरायच्या पकडीत, एक सळई उभी आवळली. तिच्या टोकावर लांबीचा, म्हणजे लाकडातल्या भेगा बुजवायच्या त्या लगद्याचा, मोठा गोळा थापला. सळईच्या दोन्ही अंगांना दोन स्टुलं ठेवली. एकावर तो जाऊन बसला, दुसऱ्यावर बाई बसल्या.

“आता समजा, पुलाचा चढ आहे,” तो म्हणाला. “पहिला पडलाय. टाका दुसरा.”

बाईंनी पर्स मांडीवर सावरली, डोळे मिटले, हात लांब केला आणि गोळा मुठीत धरला. चढ खरंच समोर आला. तोंडून शब्द आपसूक निघाला, “क्लच.”

कातारीचा डावा पाय भुशात खचकन दाबला गेला. मग दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघं असे हसले, की लांबीत ठसा जरा जास्तच खोल उमटला. बोटांच्या चार खाचा, अंगठ्याची एक खोलगट जागा.

“दुखलं का?”

“अरे, नाही दुखलं!” बाईंना स्वतःलाच नवल वाटलं. “जरासुद्धा नाही!”

“मग झालं की काम!”

त्यानं अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा निवडला. आधी लेथवर पेरूच्या आकाराचा गोल केला, मग ठसा समोर ठेवून कानशीनं एकेक खाच कोरली, पॉलिशपेपरनं घासली, पोटात पितळी नळी बसवून तिला जुन्या गोटीसारखे आटे पाडले. शनिवारी बाई आल्या तेव्हा मूठ सळईवर तयार होती. पुन्हा दोघं त्याच त्या स्टुलांवर. बाईंनी हात ठेवला. लोण्यात बोट जावं तसा प्रत्येक अवयव आपापल्या जागी गेला.

“अरे, हात आणि ही जुळी भावंडं आहेत,” बाई म्हणाल्या.

“आहेतच की,” कातारी म्हणाला आणि लाजून लेथ सुरू केलं.

घरी येऊन त्यांनी मूठ दांड्यावर फिरवली, खालचा नट आवळला, आपल्या जागेवर बसल्या आणि पहिला गिअर टाकायला हात ठेवला.

अंगठ्याच्या खोबणीत करंगळी गेली. अंगठा एका उंचवट्यावर चढला आणि कळ थेट कोपरापर्यंत.

बाईंनी मूठ थोडी फिरवली. मग उंचवटा तळव्यात रुतला. अजून फिरवली. बोटांच्या खाचा पाठीमागं गेल्या. पूर्ण वेढा घालून झाला, तरी तिला कुठूनही हात मान्य होईना. कातारीच्या दुकानात हीच मूठ, हाच हात! मूठ तर तीच आहे. म्हणजे हात तो राहिला नाही. सकाळपासून थंडी आहे, सुजला असेल. किंवा हाडांचे डॉक्टर म्हणाले तसं, झिजत झिजत आता संपलाच असेल. बाई बराच वेळ गाडीत बसून राहिल्या. इंजिन त्यांनी सुरूच केलं नव्हतं.

आत आल्या तेव्हा दादा वर्तमानपत्र वाचत होता.

“उद्या चढाचं राहू दे,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांना सांग, घेऊन जा.”

दादानं पेपर खाली केला. जिंकलेल्या माणसानं काहीतरी बोलायचं असतं.  “मुद्दा असा…” म्हणाला आणि थांबला. मग उगाच उठून खिडकी लावून आला. ती लागलेलीच होती.

रविवारी दातांचे डॉक्टर आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरे बूट.

“मी फक्त बघतो हं,” ते म्हणाले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. “ओहोहो.” दुसरी फेरी. “ओहोहोहो. नुसतं बसून बघू का? नुसतं बसतो.” वाकले, सुटले, पडले. “ओहो! नुसती सुरू करून बघू?”

“नुसती चालवूनच बघा,” बाई म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

डॉक्टर गल्लीच्या टोकापर्यंत बरे होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडीच्या पोटातून असा आवाज आला, की फुटपाथवरचं कुत्रं उठून पलीकडे गेलं.

“जुनी आहे, नाही का?” डॉक्टर म्हणाले.

“जुनी आहे. बहिरी नाही. क्लच पूर्ण दाबा.”

पुन्हा कर्रर्र.

“डॉक्टर, तुम्ही दात वाचवणारे ना? मग गिअरचे का पाडताय?”

“मूठ जरा विचित्र आहे हो. हातात बसतच नाही.”

 तेवढ्यात पूल आला. चढावर डॉक्टरांना पुन्हा दुसरा टाकायचा होता. त्यांनी मूठ ओढली, ती मध्येच अडली, गाडीचा वेग गेला, इंजिन धडधडलं.

“क्लच,” बाई म्हणाल्या.

“हो हो.”

“क्लच.”

“दाबलाय… दाबतोय…”

“क्लऽऽऽच!”

डॉक्टरांचा पाय दाणकन खाली गेला आणि घाबरून त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मूठ मोकळी झाली. बाईंचा हात आपसूक तिच्यावर गेला. अंगठा खोबणीत, चार बोटं चार खाचांत. दुसरा गिअर कसलाही आवाज न करता पडला. गाडी चढ चढून पुलावर आली.

बाईंनी हाताकडे बघितलं. उजवा हात. मग मांडीकडे बघितलं. तिथं दुखरा डावा हात पर्स सांभाळत बसला होता, कातारीच्या दुकानात दोन्ही वेळा बसला होता अगदी तसाच. दुखेल कसा?

जन्मभर त्यांनी शेजारच्या सीटवरून याच हातानं दुसऱ्यांचे गिअर टाकले होते. स्टूल दिसलं, उजवीकडे विद्यार्थी दिसला, आणि हात आपल्या नोकरीवर हजर झाला.

बाई हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“मी एवढी वाईट चालवतो का?” डॉक्टर हिरमुसले.

“चालवता वाईटच,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “पण हसतेय ते त्यासाठी नाही. वळवा गाडी. घरी चला.”

दारातच त्यांनी सांगून टाकलं की गाडी विकायची नाही. मग सगळं सांगितलं. वहिनी मटकन पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या. दादानं मात्र कचेरी उघडली.

“म्हणजे चूक त्या कातारीची. त्यानं विचारायला नको, कुठला हात?”

“तो काय विचारणार? त्यानं मला शेजारच्या सीटवरूनच गिअर टाकताना बघितलंय. त्याच्या लेखी माझा गिअरचा हात हाच.”

“पण ठरलं होतं रविवारपर्यंत.”

“पुढचा पण रविवारच असतो,” वहिनी म्हणाल्या. “मला कॅलेंडरमधलं काही कळत नाही, पण.”

दादा बहिणीकडे बघत राहिला. काल रात्री ती भरल्या ताटावरून उठली होती, आणि आता हसून हसून तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. “पुढचा रविवार,” तो म्हणाला. “पण चढ तोच.”

“मग मी पुढच्या रविवारी येतो,” डॉक्टर म्हणाले. “फक्त बघायला.”

सोमवारी कातारीनं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर भुशाखाली काहीच हललं नाही.

“पण मॅडम, तुमचा गिअरचा हात उजवाच आहे की.”

“तुझा कुठला?”

त्यानं हवेत मूठ धरली. डावा हात. त्याच्याकडे बघितलं. बाईंच्या उजव्या हाताकडे बघितलं. “अगं बाई गं,” तो म्हणाला, आणि आपण चक्क मॅडमना अगं म्हटलं या भीतीनं त्याचे कान लाल झाले.

या वेळी स्टुलांची अदलाबदल झाली. बाई त्याच्या स्टुलावर, तो बाईंच्या. गोळा नवा. बाईंनी डावा हात पुढे केला.

“पाठ ताठ,” कातारी घोगऱ्या आवाजात म्हणाला. “नजर रस्त्यावर. क्लच. क्लच. क्लऽऽऽच!”

हुबेहूब. वखारीतला हमाल डोकावून गेला.

“असं मी बोलते?”

“हे कमी करून बोललो की, मॅडम.”

पण या वेळी काम लोण्यासारखं झालं नाही. दुखरा हात खरा बोलत होता. पहिला ठसा घेतला तर अंगठा दाबला जाईना. कातारीनं गोळा फुगवला. मग बोटं पोहोचेनात. थोडा आत घेतला. मूठ घडवल्यावरही बाई रोज येऊन बसत, “इथं टोचतंय” म्हणत, आणि तो खडूनं तिथं खूण करून कानस फिरवत असे. अंगठ्याला दाबावंच लागू नये, सगळा जोर तळव्यानं घ्यावा, असा आकार शोधता शोधता मूठ दिसायला बेढब झाली, वांग्यासारखी. बाईंना तिचं काही वाटलं नाही.

रविवारी दादा शेजारी येऊन पडला. पट्टा लावला, गुडघ्यांवर हात ठेवले. पुलाच्या चढावर, अगदी मध्यावर, बाईंनी गाडी थांबवली. मागं दोन-तीन गाड्या येऊन थांबल्या. कुणीतरी हॉर्न दिला.

“सावकाश,” दादा म्हणाला.

बाईंनी पहिला टाकला. गाडी हलली, पुढे. मग दुसरा. तळव्यानं ढकलला. अंगठ्यातून एक बारीक कळ गेली, गेली ती परत आली नाही. गिअर पडला. पुलाचा कठडा दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागला, आणि वर पोचल्यावर तिसरा पडला तो त्यांनाही कळला नाही.

दादानं गुडघ्यांवरचे हात काढून घेतले. “मागं नाही गेली,” तो म्हणाला.

“नाही गेली.”

“बरं,” तो म्हणाला. आणि जरा वेळानं, “आलोच आहोत तर तुझं ते तळं दाखव.”

तो इतक्या वर्षांत या फेरीला कधी आला नव्हता. गाव मागं पडलं. पाण्यावर ऊन होतं, काठाला माणसं कपडे वाळत घालत होती, एकजण सायकल धूत होता. बाई गप्प होत्या. दादानं सुरुवातीला तळ्याची खोली, बांधाची उंची आणि झडपा कुणाच्या अखत्यारीत येतात हे सांगितलं, मग त्याचा आवाज बारीक होत गेला. बाईंनी तिरक्या नजरेनं बघितलं. मान खांद्यावर पडलेली, तोंड किंचित उघडं. झोपला होता. इतकी माणसं शेजारी बसली बाईंच्या, पण गाडीत झोपलेलं असं कुणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

वळण आलं. त्यांनी तळव्यानं हळूच दुसरा टाकला. दादाची मान हललीसुद्धा नाही.

पुढे घराकडे जाणारा फाटा आला. बाईंनी तो जाऊ दिला आणि गाडी पुन्हा तळ्याच्या काठानं सरळ नेली.